युवकांमधील चिंताविकृती व सामुदायिक समुपदेशकांचे परस्परसाहाय्य : एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

युवकांमधील चिंताविकृतीवर प्रभावी मानसोपचार उपलब्ध आहेत. परंतु ते देणारे तज्ज्ञ संख्येने अत्यल्प आहेत. त्यामुळे अल्पकालीन प्रशिक्षण घेतलेल्या सामुदायिक समुपदेशकांवर ही जबाबदारी उत्तरोत्तर सोपविली जात आहे. या समुपदेशकांना आधार कोणी द्यावा आणि त्यांच्या कामाचा दर्जा कोणी पाहावा, या प्रश्नाला गेल्या पाऊणशे वर्षांत मिळालेल्या उत्तरांचा मागोवा प्रस्तुत शोधनिबंधात घेतला आहे. लंडनमधील बॅलिंट गट, अमेरिकेतील ध्वनिमुद्रित उपचारसत्रे, गोव्यातील सहकारी पर्यवेक्षण आणि २०२० नंतरचे ऑनलाइन गट हे या वाटचालीतील प्रमुख टप्पे होत. ऑनलाइन साधनांनी अंतर कमी केले. मात्र परस्परसाहाय्याचे खरे सामर्थ्य एकमेकांचे प्रत्यक्ष सत्र ऐकण्यात आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : चिंताविकृती, युवक, सामुदायिक समुपदेशक, सहकारी पर्यवेक्षण, संगाथ, ऑनलाइन परस्परसाहाय्य.

१. प्रास्ताविक

किशोरवय आणि तारुण्याचा आरंभ हा मानसिक जडणघडणीचा काळ होय. परीक्षा, करिअर, मैत्री, घरातील अपेक्षा आणि आर्थिक ओढाताण यांचा ताण याच वयात एकवटतो. ताण ही स्वाभाविक गोष्ट आहे. परंतु भीतीपोटी शाळा टाळणे, वर्गात तोंड न उघडणे, परीक्षेच्या सकाळी उलट्या होणे, लोकांत मिसळण्याचे सोडून देणे अशी लक्षणे दीर्घकाळ टिकली की तिला चिंताविकृतीचे रूप येते. घरात तिला ‘लाजाळूपणा’ किंवा ‘अभ्यासाचे टेन्शन’ म्हटले जाते आणि उपचार लांबणीवर पडतात.

बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यानुसार १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलामुलींमध्ये कोणती ना कोणती मानसिक विकृती आढळली. याच सर्वेक्षणात एक लाख लोकसंख्येमागे मानसोपचारतज्ज्ञांचे प्रमाण मध्य प्रदेशात ०.०५, तर केरळमध्ये १.२ इतके दिसून आले. म्हणजे सर्वांत चांगल्या स्थितीतील राज्यातही लाखामागे एखाद-दुसराच तज्ज्ञ होता. अशा परिस्थितीत आशा कार्यकर्ती, शाळेतील समुपदेशक, पदवीधर स्वयंसेवक यांना प्रशिक्षण देऊन उपचाराचे काम सोपविणे अपरिहार्य ठरते. परंतु दोन महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेली एखादी तरुणी दूरच्या शाळेत एकटी बसून चिंताग्रस्त मुलाचे बोलणे ऐकते, तेव्हा तिचे स्वतःचे शंकानिरसन कोणी करावयाचे, हा प्रश्न उरतोच. प्रस्तुत निबंधाचा विषय हाच प्रश्न होय.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

(अ) युवकांच्या चिंताविकृतीवरील उपचारांचा विकास थोडक्यात पाहणे. (ब) उपचार देणाऱ्यांच्या परस्परसाहाय्याचे ऐतिहासिक टप्पे स्पष्ट करणे. (क) ऑनलाइन माध्यमामुळे या व्यवस्थेत काय बदलले व काय बदलले नाही, याची चिकित्सा करणे. यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित संशोधन अहवाल, कायदे आणि शासकीय कार्यक्रम ही दुय्यम साधने वापरली आहेत.

३. चिंतेवरील उपचार आणि उपचारकाची अडचण

मुलांमधील भीतीवर पद्धतशीर उपचार करण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत मेरी कव्हर जोन्स यांच्या १९२४ मधील अभ्यासाला महत्त्वाचे स्थान आहे. पीटर नावाने ओळखला गेलेला सुमारे तीन वर्षांचा मुलगा सशाला भीत असे. तो आवडीचा खाऊ खात असताना ससा दिवसागणिक थोडा थोडा जवळ आणला गेला आणि त्याची भीती हळूहळू ओसरली. पुढे १९५८ मध्ये जोसेफ वोल्पे यांनी प्रौढांसाठी क्रमशः असंवेदीकरणाची पद्धत ग्रंथरूपाने मांडली. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीत बालपण व किशोरवयातील चिंताविकृतींना स्वतंत्र स्थान मिळाले. त्यानंतर फिलिप केंडॉल यांनी फिलाडेल्फियातील टेम्पल विद्यापीठात ९ ते १३ वर्षांच्या ४७ मुलांवर सोळा सत्रांच्या बोधनिक वर्तनोपचाराची नियंत्रित चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. २००८ मध्ये अमेरिकेतील ४८८ मुलांच्या (वय ७ ते १७) मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. केवळ बोधनिक वर्तनोपचार घेणाऱ्यांपैकी ५९.७ टक्के, केवळ सर्ट्रालीन हे औषध घेणाऱ्यांपैकी ५४.९ टक्के, दोन्ही घेणाऱ्यांपैकी ८०.७ टक्के, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी २३.७ टक्के मुलांमध्ये लक्षणीय सुधारणा दिसली.

पीटरच्या सशापासून केंडॉल यांच्या सत्रांपर्यंत एक सूत्र समान आहे. ज्याची भीती वाटते त्याला सुरक्षित रीतीने, पायरीपायरीने सामोरे जाणे, हे ते सूत्र होय. टाळल्याने भीती जोपासली जाते आणि सामोरे गेल्याने ती ओसरते. हे तत्त्व सांगावयास सोपे आहे. परंतु आचरणात ते उपचारकाचीच कसोटी पाहते. वर्गात उत्तर देण्याच्या कल्पनेने थरथरणाऱ्या मुलीला ‘आज एक वाक्य बोलून पाहू’ असे म्हणताना समुपदेशकाचे मनही कचरते. तिला त्रास होईल, ती पुन्हा येणार नाही, पालक तक्रार करतील, अशी भीती त्याला वाटते. मग तो दिलासा देतो, विषय बदलतो, पुढच्या आठवड्यावर ढकलतो. मुलीला तेवढ्यापुरते बरे वाटते, समुपदेशकालाही वाटते. चिंता मात्र तशीच राहते. सामोरे जाण्याचा भाग सर्वाधिक परिणामकारक असूनही प्रत्यक्ष सामुदायिक सेवेत तोच सर्वांत कमी वापरला जातो, असे पाश्चात्त्य देशांतील अभ्यासांतून वारंवार दिसून आले आहे.

म्हणजेच चिंतेच्या उपचारात रुग्णाचे टाळणे आणि उपचारकाचे टाळणे एकमेकांत गुंतलेले असते. स्वतःचे टाळणे स्वतःला सहसा दिसत नाही, कारण ते सहानुभूतीच्या रूपाने येते. ते दुसऱ्याने ऐकून दाखवून द्यावे लागते. परस्परसाहाय्याचा प्रश्न चिंताविकृतीच्या संदर्भात अधिक निकडीचा ठरतो, तो या कारणाने.

४. परस्परसाहाय्याचे ऐतिहासिक टप्पे

४.१ लंडन : स्मरणावर आधारित चर्चा

ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. सामान्य डॉक्टरांकडे येणाऱ्या रुग्णांपैकी अनेकांच्या तक्रारी शरीराच्या असल्या तरी मुळाशी मन असे. बुडापेस्टमध्ये जन्मलेले मनोविश्लेषक मायकेल बॅलिंट (१८९६-१९७०) यांनी १९५० च्या सुमारास लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये अशा डॉक्टरांचे छोटे गट जमविण्यास प्रारंभ केला. त्यांच्या पत्नी एनिड बॅलिंट यांचा या कार्यात मोठा वाटा होता. डॉक्टर आपल्याला अस्वस्थ करणाऱ्या रुग्णाविषयी नोंदी न पाहता बोलत आणि इतर ऐकत. औषधाइतकाच डॉक्टर स्वतः परिणाम करतो, हा विचार बॅलिंट यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात मांडला.

तज्ज्ञ नसलेल्या उपचारकांनी एकमेकांच्या साहाय्याने शिकावे, ही कल्पना येथे प्रथमच व्यवस्थेच्या रूपात दिसते. तथापि तिच्या दोन मर्यादा होत्या. गटाचे नेतृत्व मनोविश्लेषकाकडेच होते, आणि चर्चा स्मरणावर आधारलेली होती. जे डॉक्टरला आठवले नाही किंवा सांगावेसे वाटले नाही, ते गटापुढे येतच नसे.

४.२ अमेरिका : ध्वनिमुद्रणाचा प्रवेश

स्मरणाची ही मर्यादा ओलांडण्याचे साधन त्याआधीच निर्माण झाले होते. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात कार्ल रॉजर्स यांनी समुपदेशनाची सत्रे ध्वनिमुद्रित करण्यास सुरुवात केली आणि १९४२ मधील ग्रंथात एका संपूर्ण उपचाराचे शब्दशः लेखन प्रसिद्ध केले. बंद दाराआडचा संवाद अभ्यासासाठी खुला झाला. समुपदेशक आपण काय केले असे समजतो आणि प्रत्यक्षात काय करतो, यांतील अंतर प्रथमच कानांनी ऐकता येऊ लागले. पुढील काळात ध्वनिमुद्रण विद्यापीठीय प्रशिक्षणाचा भाग बनले; परंतु ते ऐकून मत देण्याचा अधिकार प्रामुख्याने प्राध्यापक वा वरिष्ठ तज्ज्ञाकडेच राहिला.

४.३ भारत : विस्तार झाला, आधार राहिला

भारतात राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आला. १९८० च्या दशकात कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात निम्हान्सने प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टर व कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊन जिल्हा पातळीवरील प्रारूप उभे केले. त्याच धर्तीवर १९९६ मध्ये चार जिल्ह्यांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा कार्यकर्ती गावोगावी पोहोचल्या. २०१४ च्या जानेवारीत राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला आणि १० ते १९ वयोगटाच्या मानसिक आरोग्याला शासकीय धोरणात स्पष्ट स्थान मिळाले. महाराष्ट्रात किशोरवयीनांसाठीची आरोग्य केंद्रे ‘मैत्री’ या नावाने ओळखली जातात.

या सर्व कार्यक्रमांत माणसे नेमणे व त्यांना प्रशिक्षण देणे यांवर भर होता. प्रशिक्षणानंतरचा सातत्यपूर्ण आधार हा दुवा मात्र कमकुवत राहिला. पर्यवेक्षण म्हणजे बव्हंशी नोंदवह्या तपासणे आणि मासिक अहवाल गोळा करणे असे समीकरण झाले. किती मुले आली, हे अहवालातून कळते. त्यांच्याशी काय बोलले गेले, हे कळत नाही.

४.४ गोवा : सहकाऱ्यांच्या हाती मोजपट्टी

या दृष्टीने गोव्यातील कार्य हा या इतिहासातील निर्णायक टप्पा ठरतो. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था स्थापन केली. कोकणीत सोबतीचा अर्थ सांगणारे हे नाव आहे. २००७ ते २००९ या काळातील ‘मानस’ चाचणीत गोव्यातील २४ दवाखान्यांत (१२ शासकीय, १२ खासगी) नैराश्य व चिंता असलेल्या २,७९६ व्यक्तींचा समावेश होता. प्रशिक्षित बिगर-तज्ज्ञ समुपदेशकांनी येथे काम केले. निश्चित निदान झालेल्या रुग्णांपैकी शासकीय केंद्रांत ६५.९ टक्के सहा महिन्यांनी बरे झाले, तर तुलनेच्या शासकीय केंद्रांत हे प्रमाण ४२.५ टक्के होते. खासगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्थानिक समुपदेशक परिणामकारक उपचार देऊ शकतात, हे त्यातून शासकीय केंद्रांपुरते सिद्ध झाले. परंतु त्यांच्यावर देखरेख ठेवण्यास पुरेसे तज्ज्ञ नाहीत, ही अडचण कायम होती.

पुढील ‘प्रीमियम’ प्रकल्पात तिच्यावर उपाय शोधला गेला. तीव्र नैराश्य आणि घातक मद्यपान यांवरील दोन संक्षिप्त उपचार येथे विकसित झाले. समुपदेशकांची सत्रे ध्वनिमुद्रित करण्यात आली आणि प्रत्येक उपचारासाठी एक मूल्यमापन श्रेणी तयार झाली. गटात बसून सहकारी ते मुद्रण ऐकत आणि त्याला गुण देत. १८९ मुद्रित सत्रांना तज्ज्ञांनी व सहकाऱ्यांनी दिलेल्या गुणांची तुलना करणारा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सलग तीन कालखंडांत दोघांच्या गुणांतील तफावत कमी कमी होत गेल्याचे त्यात दिसले, आणि सहकाऱ्यांनी चालविलेले पर्यवेक्षण समुपदेशकांनाही स्वीकारार्ह वाटले.

या घटनेचे ऐतिहासिक महत्त्व लक्षात घेणे आवश्यक आहे. बॅलिंट यांच्या गटातील सहचर्चा आणि रॉजर्स यांचे ध्वनिमुद्रण हे दोन प्रवाह येथे एकत्र आले. त्यात तिसऱ्या गोष्टीची भर पडली, ती म्हणजे सर्वांना समजणारी समान मोजपट्टी. दर्जा ठरविण्याचा अधिकार तज्ज्ञाच्या खुर्चीतून समुपदेशकांच्या वर्तुळात आला.

त्यानंतर २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘प्राइड’ या कार्यक्रमाने दिल्ली व गोव्यातील किशोरवयीनांकडे लक्ष वळविले. दिल्लीतील सहा शासकीय माध्यमिक शाळांमध्ये २०१८ साली झालेल्या चाचणीत २५१ विद्यार्थी होते. चित्रमय पुस्तिका आणि समुपदेशकासोबत चार-पाच सत्रे, असे समस्या-निराकरणावर आधारित उपचाराचे स्वरूप होते. तुलनेच्या गटाला केवळ पुस्तिका मिळाल्या. सहा आठवड्यांनी विद्यार्थ्यांनी स्वतः सांगितलेल्या समस्यांच्या तीव्रतेत समुपदेशनाच्या गटाला अधिक लाभ झाला. लक्षणांच्या सर्वसाधारण मोजमापात मात्र तसा फरक आढळला नाही. हा संमिश्र निष्कर्ष नीट वाचला पाहिजे. समस्या सोडविण्याचे कौशल्य आणि भीतीला सामोरे जाणे या एकच गोष्टी नव्हेत. चिंताविकृतीसाठी दुसऱ्या कौशल्याचा सराव लागतो आणि तेथेच समुपदेशकाला सहकाऱ्यांची अधिक गरज भासते.

महाराष्ट्रातही याच काळात समांतर प्रयत्न झाले. अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत राबविलेल्या ‘विश्राम’ प्रकल्पात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. नाशिक जिल्ह्यातील ४१ खेड्यांत २०१३ पासून चाललेल्या ‘आत्मीयता’ प्रकल्पात गावातील स्वयंसेवकांच्या हाती स्मार्टफोन दिले गेले. हे दोन्ही प्रकल्प प्रामुख्याने प्रौढांसाठी होते. तथापि गावातील माणूस गावातील माणसाला आधार देऊ शकतो, हे त्यांनी मराठी मुलखात दाखवून दिले.

४.५ ऑनलाइन गट

दूरस्थ साधनांनी उपचारकांना जोडण्याची कल्पना महामारीच्या आधीची आहे. २००३ मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठातील संजीव अरोरा यांनी यकृतदाहाच्या उपचारासाठी ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला. दूरच्या गावांतील डॉक्टर पडद्यावर एकत्र येऊन आपापली प्रकरणे मांडत आणि तज्ज्ञांबरोबरच एकमेकांकडूनही शिकत. निम्हान्सने २०१४ पासून मानसिक आरोग्यासाठी हे प्रारूप स्वीकारले. मध्य प्रदेशातील सिहोर जिल्ह्यात गोव्यातील नैराश्यावरील उपचाराचे प्रशिक्षण आशा कार्यकर्तींना स्मार्टफोनवरून देण्याचा प्रयोग झाला आणि त्याच्या प्राथमिक चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

मार्च २०२० मधील टाळेबंदीने जे ऐच्छिक होते ते अनिवार्य केले. २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली आणि त्याच वर्षी दूरस्थ मानसोपचाराची तत्त्वेही आली. शाळा बंद असल्याने चिंताग्रस्त मुलांना टाळण्याची आयती सोय मिळाली. शाळा उघडल्यावर तीच भीती दुणावून समोर उभी राहिली. समुपदेशकही घरात अडकले. साप्ताहिक बैठकी पडद्यावर गेल्या. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ ही राष्ट्रीय सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू झाली, आणि दूरस्थ समुपदेशन हे शासकीय व्यवस्थेचे कायमस्वरूपी अंग बनले.

५. विवेचन

ऑनलाइन माध्यमाने तीन गोष्टी निश्चितपणे साध्य केल्या. पहिली, प्रवासाचा वेळ व खर्च वाचला. तालुक्याच्या गावी एकट्या असलेल्या समुपदेशिकेला दुसऱ्या जिल्ह्यातील समव्यवसायी मिळाल्या. दुसरी, ध्वनिमुद्रण पाठविणे व ऐकणे सुलभ झाले. तिसरी, स्थानिक हितसंबंधांपासून दूर असलेल्या सहकाऱ्यापुढे आपली चूक मांडणे तुलनेने सोपे झाले.

परंतु माध्यम बदलल्याने आशय आपोआप टिकत नाही. अनेकदा ऑनलाइन गटाचे रूपांतर परिपत्रके, शुभेच्छा आणि हजेरीच्या नोंदी यांच्या फलकात होते. ‘एक मुलगी शाळेत जायला घाबरते, काय करावे?’ असा प्रश्न कोणी विचारल्यास दहा जण दहा सल्ले देतात. पण त्या समुपदेशिकेने मुलीशी नेमके काय बोलणे केले, हे कोणीच ऐकलेले नसते. ही स्थिती बॅलिंट यांच्या गटाच्याही मागे जाणारी आहे, कारण तेथे निदान एका प्रकरणावर निवांत व सखोल विचार होत असे. अशा गटात समुपदेशकाचे टाळणे उघड होण्याऐवजी सहानुभूतीच्या प्रतिसादांनी झाकले जाण्याचा धोका अधिक असतो.

याखेरीज चार मुद्दे विचारात घ्यावे लागतात.

(अ) गोपनीयता : पंधरा वर्षांच्या मुलाचा आवाज ही त्याची ओळखच असते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची अट घातली आहे. मुद्रण खासगी फोनवरील गटात फिरू देणे हा विश्वासघात ठरेल. संमती, नाव-गावाचा उल्लेख वगळणे, सुरक्षित साठवण आणि ठरावीक मुदतीनंतर नष्ट करणे हे नियम अगोदर ठरले पाहिजेत.

(ब) भिडस्तपणा : मैत्रीच्या गटात गुण सढळ हाताने दिले जातात. गोव्यातही तज्ज्ञ व सहकारी यांच्या गुणांतील तफावत हळूहळू कमी झाली, पहिल्याच दिवशी नव्हे. म्हणून तज्ज्ञांबरोबर अधूनमधून मोजपट्टी पडताळून घेणे आवश्यक ठरते. परस्परसाहाय्य हा तज्ज्ञाला पर्याय नसून दुर्मीळ तज्ज्ञाचा वेळ योग्य जागी वापरण्याचा मार्ग होय.

(क) जोखीम : आत्महत्येचा विचार बोलून दाखविणाऱ्या मुलाचा प्रश्न साप्ताहिक बैठकीपर्यंत थांबू शकत नाही. अशा वेळी कोणाला तत्काळ कळवावयाचे, हे प्रत्येक समुपदेशकाला माहीत असले पाहिजे. गट हा विचारविनिमयाचे ठिकाण आहे, आपत्कालीन सेवा नव्हे.

(ड) श्रमाचे मूल्य : आशा कार्यकर्तींना बव्हंशी कामागणिक मोबदला मिळतो. सहकाऱ्याचे सत्र ऐकण्याचा तास त्या हिशेबात धरला नाही, तर तो रात्री घरकाम आटोपल्यावरच काढावा लागतो. स्त्रियांच्या बिनमोल श्रमावर उभी राहिलेली व्यवस्था फार काळ टिकत नाही.

६. निष्कर्ष

१. समुपदेशकांचे परस्परसाहाय्य ही ऑनलाइन युगाची निर्मिती नाही. तज्ज्ञांच्या टंचाईतून आणि उपचारकाच्या एकाकीपणातून ते १९५० च्या सुमारास आकाराला आले.

२. सहचर्चा, ध्वनिमुद्रण आणि समान मोजपट्टी या तीन घटकांचा संयोग गोव्यातील प्रयोगात झाला. भारताने या क्षेत्रात दिलेले हे महत्त्वाचे योगदान होय.

३. युवकांच्या चिंताविकृतीत भीतीला सामोरे जाण्याचा उपचार मध्यवर्ती आहे. तो टाळण्याची उपचारकाची प्रवृत्ती एकट्याला ओळखता येत नाही. म्हणून सहकाऱ्यांनी सत्र ऐकणे हा उपचाराच्या दर्जाचाच भाग मानला पाहिजे.

४. ऑनलाइन माध्यमाने पोहोच वाढविली. परंतु सत्र ऐकण्याची शिस्त, गोपनीयता, तज्ज्ञांशी दुवा आणि वेळेचा मोबदला यांविना ते केवळ संदेशवहन ठरते.

७. समारोप

सामुदायिक समुपदेशकांची भरती व प्रशिक्षण यांवर शासन आणि संस्था खर्च करतात. त्या तुलनेत त्यांनी एकमेकांचे ऐकण्यासाठी लागणारी व्यवस्था अल्पखर्चिक आहे. जिल्ह्या-दोन जिल्ह्यांतील सात-आठ समुपदेशक, संमतीने मुद्रित केलेले एक सत्र, मराठीत तयार केलेली साधी मूल्यमापन श्रेणी आणि कामाच्या वेळेत धरलेला आठवड्याचा एक तास, एवढ्यावर तिचा प्रारंभ होऊ शकतो. ‘मैत्री’ केंद्रांतील व शाळांतील समुपदेशकांसाठी असे गट उभे राहिले, तर भीतीपोटी वर्गाबाहेर राहणाऱ्या मुलामुलींना ‘घाबरू नकोस’ एवढाच दिलासा न मिळता वर्गाच्या दारापर्यंत, आणि पुढे वर्गात, पायरीपायरीने सोबत मिळेल.